कॉमिक्स जमवायची तर कोल्हापूरच्या हवेशी जमवून घ्या

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तळमजल्यावरच्या घरात मामांची पत्र्याची ट्रंक आली आहे. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे दोनेकशे अंक आणि थोडी हिंदी राज कॉमिक्स. झाकण उघडले की कुबट वास येतो आणि पिना गंजल्या आहेत. प्रश्न विचारणाऱ्या भाच्याला स्वतःला मार्व्हल आणि डीसी ही अमेरिकन कॉमिक्स वाचायची आहेत, जमवायचीही आहेत. विचारले आहे ते तीन गोष्टींबद्दल: ट्रंकेचे काय करू, नवे घेताना सुटे अंक घेऊ की पुस्तके, आणि यात पैसा आहे का, म्हणजे सीजीसी या अमेरिकन कंपनीकडे ग्रेडिंगला, अंकाची अवस्था तपासून गुण द्यायला, पाठवू का.

तिन्ही उत्तरे एकाच जागी येऊन मिळतात. आपल्याकडे गच्च बंद करून ठेवलेली कॉमिक्स सडतात आणि अधूनमधून हातात घेतलेली टिकतात. इंटरनेटवर सापडणारा बहुतेक सल्ला कोरड्या किंवा बारा महिने एसी चालणाऱ्या घरांसाठी लिहिलेला असतो. ‘पिशवीत घाला, टेप लावा, विसरून जा’ हे तिथे चालते. पंचगंगेच्या काठाला जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बराच काळ 80 टक्क्यांच्या वर असते, तिथे नाही चालत.

आधी ट्रंक. प्रश्न ऐन आषाढात आला आहे, म्हणून पहिली सूचना: आत्ता एकही अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. याचे कारण साध्या हिशोबात आहे. दीडशे अंक, प्रत्येकामागे घालायच्या पुठ्ठ्याच्या बोर्डांसकट, 12 किलोच्या आसपास भरतात. पावसाळ्यातला कागद स्वतःच्या वजनाच्या 10-11 टक्के पाणी धरून बसलेला असतो, कोरड्या दिवसांत तेच 6-7 टक्क्यांवर येते. चार टक्क्यांचा फरक धरा, म्हणजे त्या दीडशे अंकांत जवळपास अर्धा लिटर जास्तीचे पाणी आहे. सिलिका जेल 50 टक्के आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भागाइतके पाणी धरते. म्हणजे हे पाणी ओढायला दोन किलो जेल लागेल. बुटांच्या खोक्यात येते तशी पाच ग्रॅमची पुडी टाकून झाकण लावणे म्हणजे मनाचे समाधान. ओल आत कोंडली जाते आणि बुरशीला आयते घर मिळते.

म्हणून पॅकिंगचा मोसम संक्रांतीनंतर होळीपर्यंत. त्या दिवसांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की कागद आपोआप सुकतो, फुकटात. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर घ्या. खोलीत 45-50 च्या आसपास आकडा दोन-तीन दिवस टिकला की अंक उघड्यावर, सावलीत, उभे आणि जरा सैल ठेवा आणि मग पिशवीत घाला. तेवढा धीर नसेल तर एसीच्या खोलीत ‘ड्राय’ मोडवर चार-पाच दिवस ठेवूनही जमते. तोपर्यंत ट्रंक रिकामी करा, अंक वरच्या मजल्यावर उघड्या फळीवर ठेवा आणि पंखा हळू फिरू द्या. पत्र्याची ट्रंक पुन्हा वापरू नका. रात्री पत्रा गार पडतो, आतल्या दमट हवेतले पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला सुटते आणि वरच्या अंकांवर ठिबकते. पिना गंजण्याचे निम्मे कारण तेच.

अंक बाहेर काढताना तीन गठ्ठे करा. कोरडे आणि स्वच्छ ते एका बाजूला. पांढरी किंवा हिरवट भुकटी, म्हणजे बुरशी, दिसते ते दुसऱ्या बाजूला. कागदावर खरवडल्यासारखे डाग, कडेला कुरतडलेले, काळे बारीक कण दिसतात ते तिसरीकडे, म्हणजे कसर किंवा झुरळ. एखाद्या अंकात मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. तिथे कॉमिक्सचा विचार नंतर, आधी ट्रंक जिथे होती ती भिंत आणि जमीन तपासा.

बुरशीचा गठ्ठा घरात झटकू नका. एन-95 मास्क लावा, गच्चीत किंवा पडवीत सावलीला बसा. भुकटी ओली, चिकट असेल तर ब्रश लावायचा नाही, ती पसरते आणि कागदात मुरते. आधी वाळू द्यायचे. कोरडी झाली की मऊ ब्रशने घडीकडून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने झाडायचे. ओला फडका, डेटॉल, स्पिरिट काही नको. डाग राहतील, राहू देत. डाग घालवायच्या नादात शाई जाते.

किडीच्या गठ्ठ्याला औषध नको, फ्रीझर द्या. दहा-पंधरा अंक जाड झिप पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस खोलीत तशीच पडू द्यायची. गार वस्तूवर जे पाणी सुटते ते पिशवीच्या बाहेरून सुटले पाहिजे, अंकावर नव्हे. घाई करणारा नेमका इथेच चुकतो. मटणाशेजारी कॉमिक्स ठेवायला घरून विरोध होईल, त्याची तयारी ठेवा.

डांबरगोळ्या अजिबात नकोत. वास कागदात कायमचा बसतो, काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडते आणि बंद खोलीत माणसालाही त्रास होतो. वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुलिंबाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण पानापानांत पाला घालायची पद्धत सोडा. अर्धवट वाळलेला पाला स्वतःच ओल आणतो, शिवाय पानावर तपकिरी ठसा उमटवतो.

आता एक अंक टेबलावर घ्या आणि नीट पाहा. खिडकीच्या उजेडात कव्हर तिरके धरा, म्हणजे घडीच्या कडेवरच्या बारीक आडव्या चिरा दिसतील. रंग फुटून पांढरे दिसत असेल तर तो दोष मोठा, नुसती दुमड असेल तर किरकोळ. मग बरोबर मधले पान उघडा. दोन्ही पिनांभोवती तपकिरी वलय आहे का? मधला जोडकागद पिनेतून सुटून लोंबतोय का? गंज फक्त पिनेवर असेल तर काही करू नका, कोरडे ठेवले की तो तिथेच थांबतो. गंज कागदात उतरला असेल तर तिथला कागद बिस्किटासारखा तुटतो, तो अंक पूर्ण उघडून वाचायचा नाही. जुनी पिन काढून नवी मारायचा मोह आवरा. भोक मोठे होते, आणि उद्या विकायचा झाला तर खरेदी करणारा ते ‘दुरुस्त केलेला’ म्हणून मोजतो. सेलोटेपचेही तसेच. जुनी पिवळी टेप ओढून काढली की चित्रच वर येते. फाटलेले पान जोडायचेच असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि तेही फक्त वाचायच्या अंकाला. शेवटी पाने मोजा. कोडे सोडवलेले, कूपन कापलेले, मधलेच पान गायब, हे वाचनालयातून आलेल्या अंकांत सर्रास असते. भाड्याने देणाऱ्या वाचनालयांनी आठ-दहा अंक एकत्र शिवून, तिन्ही कडा मशीनवर कापून पुठ्ठ्यात बांधलेले असतील तर ते उसवू नका. कापलेली कड परत येत नाही. तसा खंड वाचायला उत्तम, आणि बांधणीमुळे आतला कागद बऱ्याचदा सुट्यांपेक्षा चांगला राहिलेला असतो.

इंद्रजालविषयी थोडे, कारण ट्रंकेतला खरा ऐवज तोच आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने हे अंक मार्च 1964 मध्ये सुरू केले आणि 1990 मध्ये बंद केले. पहिले 32 अंक फक्त वेताळाचे, म्हणजे फँटमचे. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली, 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. सुरुवातीच्या काळातली बी. गोविंद यांची रंगवलेली मुखपृष्ठे ही स्वतंत्रपणे जमवण्याची गोष्ट आहे. मूळ कथा पानांत बसवण्यासाठी चौकटी गाळलेल्या असत, त्यामुळे गोष्ट मध्येच उडी मारते तेव्हा पान हरवले असे लगेच समजू नका, आधी पानांचे आकडे पाहा. पुढच्या काळात सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक असा क्रमांक यायला लागला, म्हणून यादी करताना क्रमांक आणि तारीख दोन्ही लिहा. वेताळाला सुपरहिरो म्हणायचे की नाही यावर वाद घालणारे घालोत. अंगाला चिकटलेला पोशाख आणि डोळ्यांवरचा मुखवटा घालून तो फेब्रुवारी 1936 मध्ये आला, सुपरमॅन 1938 मध्ये. ताकद नसली तरी मान पहिल्याचा.

साठवणीच्या सामानाकडे येऊ. अमेरिकन अंकांच्या पिशव्या ठरावीक मापात मिळतात. सध्याचा अंक सुमारे 6⅝ बाय 10¼ इंच असतो, त्याला 6⅞ इंच रुंदीची ‘करंट’ पिशवी. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अंकांना 7⅛ इंचाची ‘सिल्व्हर’. इंद्रजाल आणि राज कॉमिक्सना ही मापे धरून चालत नाहीत, अंक मोजून रुंदीत पाव इंच सैल पिशवी घ्या. घट्ट पिशवीत अंक घालताना कोपरे दुमडतात. कपड्यांच्या पॅकिंगसाठी होलसेलमध्ये मिळणाऱ्या पारदर्शक बीओपीपी पिशव्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, या कामाला चालतात आणि स्वस्त पडतात. फक्त एक पाहा: चिकट पट्टी पिशवीच्या तोंडावर आहे की झाकणावर. झाकणावर असेल तर अंक बाहेर काढताना कव्हर तिला चिकटते आणि रंगासकट वर येते. तेव्हा पट्टी कापून टाका आणि झाकण मागे नुसते दुमडा. आपल्या हवेत तेच बरे, पिशवी थोडा श्वास घेते. पीव्हीसी, म्हणजे जाड, वास येणारे, चिकटसर प्लॅस्टिक, कधीही नको. मायलर म्हणजे पॉलिस्टरची पिशवी सर्वांत टिकाऊ, पण महाग. ती दहा-वीस निवडक अंकांपुरती ठेवा.

पिशवीच्या आत मागे बोर्ड. बाजारात ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच बोर्डांच्या एकाच बाजूवर चुन्याच्या जातीचा थर असतो, ती गुळगुळीत बाजू अंकाकडे करायची. साधारण सात-आठ वर्षांनी बोर्ड आणि पिशवी दोन्ही बदला. स्वतः कापायचे असतील तर फ्रेमवाल्याकडे मिळणारा कॉन्झर्वेशन माउंट बोर्ड मागा. वहीच्या मागचा करडा पुठ्ठा, लग्नपत्रिकेचे खोके, वर्तमानपत्र यातले काही नको. करड्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते आणि अंकाच्या पाठीवर तपकिरी चौकोन उमटतो. जुन्या कॉमिक्सचा कागद स्वतःच लाकडाच्या कच्च्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन उजेडाने पिवळे पडते, आणि उष्णता व ओल मिळाली की आम्लाने धागे तुटत जातात. बाहेरून आणखी आम्ल घालायची गरज नाही.

पेटीत अंक उभे ठेवा. ना इतके सैल की वाकतील, ना इतके घट्ट की काढताना ओढावे लागेल. शॉर्ट बॉक्समध्ये, म्हणजे कॉमिक्ससाठीच्या पुठ्ठ्याच्या छोट्या पेटीत, बोर्डासकट दीडशेच्या आसपास बसतात. तळमजल्यावर साध्या पुठ्ठ्याच्या पेटीपेक्षा झाकणाला रबर असलेली 50-60 लिटरची प्लॅस्टिकची पेटी बरी, पण कोरड्या मोसमात भरलेली असेल तरच. तिच्यात 200 ते 250 ग्रॅम रंग बदलणारे सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा. कागद आधीच कोरडा असल्याने एवढे पुरते. नारिंगी-हिरवे घ्या, निळ्या-गुलाबीत कोबाल्टचे क्षार असतात. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. आणि महिन्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दुपारी, पेटी उघडून पाच-सात अंक काढा, वाचा, वास घ्या. बुरशी डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळते. सील करून पाच वर्षे ठेवणाऱ्याला ती पाच वर्षांनी कळते.

जागेचे म्हणाल तर पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती टाळा, पाऊस तिकडून झोडपतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही नको. कौलारू घराचा माळा पुरासाठी चांगला, पण एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते. गोदरेजचे कपाट असेल तर भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा आणि खालचा कप्पा रिकामा ठेवा.

दुसरा प्रश्न, सुटे अंक की पुस्तके. वाचायला पुस्तके, यात मला शंका नाही. सुट्या अंकात गोष्टीची वीस-बावीस पाने असतात, दहा मिनिटांत संपतो. ट्रेड पेपरबॅकमध्ये साधारण पाच-सहा अंकांची पूर्ण गोष्ट असते आणि गुळगुळीत कागद बराच टिकतो. ऑम्निबस, म्हणजे पुष्कळ अंकांचा एकत्र जाडजूड खंड, दिसायला देखणे, पण हजार पानांचे धूड उभे ठेवले की आतले पानांचे ठोकळे खाली ओघळतात आणि पाठ सुटते. ते आडवे ठेवा, एकावर दोनपेक्षा जास्त नकोत. डिंकाने चिकटवलेल्या पेपरबॅकला थंडीत पूर्ण सपाट उघडू नका, पाठ तडकते.

कुठून सुरुवात करायची यात लोक उगाच घाबरतात. ‘पहिल्यापासून सगळे’ हा मार्ग सोडून द्या. फँटॅस्टिक फोरचा पहिला अंक नोव्हेंबर 1961 चा, स्पायडरमॅन ऑगस्ट 1962 चा, त्यानंतर साठ वर्षांचा डोंगर. डीसीने 1985-86 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये आपले विश्व जवळपास नव्याने मांडले. मार्व्हल क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करण्यात पटाईत, म्हणून ‘स्पायडरमॅन नंबर 1’ एवढे सांगून काहीच कळत नाही, साल सांगावे लागते. एक पात्र घ्या, त्याचा एका लेखकाने सलग लिहिलेला टप्पा निवडा आणि तो पुरा करा. आवडला तर त्याच चित्रकाराच्या मागे जा. सुटे अंक फक्त एखाद्या मालिकेचे घ्या, जिचा पुढचा अंक कधी येतो याची तुम्ही खरोखर वाट पाहता. भारतीय बाजूने जमवायचे असेल तर राजचा नागराज 1986 चा, ध्रुव 1987 चा, आणि गोथम कॉमिक्सने इथे छापलेल्या मार्व्हल-डीसीच्या आवृत्त्या. 2004 चा पवित्र प्रभाकर, म्हणजे धोतरातला स्पायडरमॅन, तर आपल्या संग्रहात हवाच.

सुटा अंक विकत घेताना बारकोड वाचायला शिका. आजच्या अमेरिकन अंकावर मुख्य बारकोडच्या बाजूला पाच आकड्यांचा छोटा कोड असतो. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा कव्हरचा प्रकार, पाचवा छपाईची आवृत्ती. 00111 म्हणजे पहिला अंक, पहिले कव्हर, पहिली छपाई. 00112 असेल तर ती दुसरी छपाई, पहिलीच्या भावाने घेऊ नका. जुन्या गाजलेल्या अंकांच्या ‘फॅसिमिली’, म्हणजे हुबेहूब नव्याने छापलेल्या, आवृत्त्या कंपन्या स्वतःच काढतात. त्या बनावट नव्हेत, पण किंमत आणि आतली बारीक छपाई आजची असते, तिथे पाहिले की उलगडते. सत्तरच्या दशकातला मार्व्हल घेताना आतून कापलेले कूपन आधी शोधा. हल्क 181, नोव्हेंबर 1974, वुल्व्हरिनच्या पहिल्या पूर्ण आगमनाचा अंक. त्यातले छोटे ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ कूपन त्या वेळच्या पोरांनी कापून वहीत चिकटवले, आणि ते नसेल तर किंमत धाडकन खाली येते. विकणारा फोटोत ते पान दाखवायला कां-कूं करत असेल तर पुढे जा.

कुरिअरने मागवताना विकणाऱ्याला एवढेच सांगा: अंक पिशवीत, दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा, आणि दोन पुठ्ठ्यांच्या नाल्या एकमेकींना आडव्या. एकाच दिशेच्या असतील तर पार्सल त्या रेषेत सहज दुमडते. बाहेरून प्लॅस्टिक असावेच. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो मागवू नका.

तिसरा प्रश्न पैशाचा. सीजीसी अमेरिकेत अंक तपासून 0.5 ते 10 असा ग्रेड देते आणि प्लॅस्टिकच्या कवचात बंद करते. निळे लेबल साधे, जांभळे म्हणजे दुरुस्ती केलेला. कोल्हापुरातून तिथे पाठवायचे म्हटले तर दोन्हीकडचे कुरिअर, विमा, फी आणि कस्टम्सची कटकट धरून खर्च अंकाच्या किमतीला खाऊन टाकतो. ज्याची किंमत या सगळ्याच्या चारपाच पट आहे असा अंक हातात आला तरच विचार करा. गंजलेल्या पिनांचा इंद्रजाल तिकडे पाठवण्यात अर्थ नाही, त्याचे खरे गिऱ्हाईक इथेच, मराठी-हिंदी संग्राहकांत आहे आणि ते ग्रेडपेक्षा क्रमांक आणि पूर्णता पाहते. ते कवचही हवाबंद नसते, आणि त्यातले कॉमिक वाचता येत नाही. माझ्या मते वाचता न येणारे कॉमिक म्हणजे महागडा पेपरवेट. विकायचे असेल तर गठ्ठ्याने, रद्दीपेक्षा जरा वरचढ भावाला देऊ नका. आधी क्रमांकवार यादी करा, सुरुवातीचे अंक आणि एकाच अंकाच्या जादा प्रती वेगळ्या काढा.

राहिला पूर, कारण शुक्रवार पेठ म्हटल्यावर तो विषय टाळता येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले होते. 39 ला पेट्या वर हलवायच्या किंवा उंचावरच्या भागातल्या नातेवाइकांकडे पोचवायच्या, हे आधीच ठरवून ठेवा. 43 ला विचार करायला बसलात तर माणसे आणि गॅस सिलिंडर यांतच वेळ जाईल. म्हणून पेटी एका माणसाला जिन्यावरून उचलता येईल एवढीच भरा, 12-15 किलोच्या वर नको.

तरीही भिजलेच, तर पहिले 48 तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. पिशव्या लगेच काढा, त्यांच्यात पाणी साठून राहते. गाळ असेल तर अंक बंद धरून स्वच्छ पाण्यात हळू बुडवा, चोळू नका. पूर्ण भिजलेला अंक ओढून उघडू नका. जेवढे एका वेळी सुकवता येतील तेवढेच बाहेर ठेवा, बाकीचे बटर पेपरने एकमेकांपासून वेगळे करून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. वीज गेलेली असेल तर वीज असलेल्या पाहुण्यांच्या फ्रीझरमध्ये. गोठलेला कागद थांबतो, सडत नाही. आधी गुळगुळीत कागदाचे नवे अंक हाताळा, कारण त्यांचा लेप सुकताना पानांना एकमेकांशी चिकटवतो आणि मग ती सुटत नाहीत. त्यांच्या पानापानांत ओले असतानाच बटर पेपर घाला. इंद्रजालसारखा साधा कागद जास्त सोशिक. त्यात दर आठ-दहा पानांमागे कोरा न्यूजप्रिंट घालायचा, छापलेला पेपर नको, शाई उतरते. तो तासा-दोन तासांनी बदलायचा, पंखा बाजूला भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. उन्हात ठेवाल तर कडा आधी आकसून अंक नागमोडी होईल. हाताला गार लागायचे थांबले की तो आतूनही सुकला. मग दोन कोऱ्या बोर्डांमध्ये घालून वर पाच-सहा किलोचे सपाट वजन आठवडाभर, आणि पुढचा महिनाभर बाकीच्या संग्रहापासून लांब.